सहाशे बारा मिली

त्या सोमवारी हेमंत रिसबूड राखोलीला गेले ते पायाच्या खड्ड्यांची खोली मोजायला. खरं तर ते त्यांचं काम नव्हतं. कारखाना सिल्वासाजवळ खडोलीत, औषधांच्या इवल्याशा काचेच्या बाटल्या बनवणारा, आणि रिसबूड तिथले गुणवत्ता विभागाचे प्रमुख. राखोलीत दमणगंगेच्या काठापासून जरा वर कारखान्याचं नवं गोदाम उठत होतं. तिथली मोजमापं घ्यायला कंत्राटदार होता, त्याचा मुकादम होता, दोघांजवळ टेप होती. पण दुसऱ्याच्या टेपवर रिसबुडांचा विश्वास नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यांवर, डोक्यावर आणि डिग्रीवरही नव्हता.

मे महिन्यातली सकाळ होती. साडेनऊलाच अंगाला शर्ट चिकटत होता. तिसऱ्या खड्ड्याशी जेसीबी बंद पडून राहिलेला आणि चार माणसं खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसून खाली बघत होती.

"काय आहे?" रिसबुडांनी विचारलं.

"बाटली हाय साहेब," जेसीबीवाला म्हणाला. "दगडाखाली होती. बंद केलेली."

"मग काढ की वर."

कोणी हललं नाही. शेवटी एकानं फावडं पुढे केलं, बाटली फावड्यावर घेतली आणि विंचू उचलून आणावा तशी लांब धरून रिसबुडांपुढे आणली. हात मात्र लावला नाही. रिसबुडांनी त्या चौघांकडे एकदा बघून घेतलं. तीस-तीस टन माती उपसणारी माणसं, आणि बाटलीला भितात.

मग त्यांनी बाटलीकडे पाहिलं, आणि त्यांना इतर सगळ्याचा विसर पडला.

गेली अकरा वर्षं रिसबूड जुन्या बाटल्या जमवत होते. कोणी शिकवलं नव्हतं. पुस्तकं मागवून, भंगारवाल्यांकडे गोण्या उपसून, रोज रात्री वहीत नोंदी करून ते स्वतःच शिकले होते. चार वर्षांपूर्वी नाशिकच्या एका परिषदेत त्यांनी निबंध वाचला, तेव्हा समोरच्या प्राध्यापकानं चष्मा खाली घेऊन विचारलं होतं, "आपलं शिक्षण?" रिसबूड म्हणाले, "बी.एस्सी., रसायनशास्त्र." प्राध्यापक हसला. "छंद म्हणून उत्तम आहे," म्हणाला. ते वाक्य रिसबुडांनी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं होतं.

ही बाटली काळपट हिरवी होती, खांद्याला जाड, मानेला किंचित वाकडी. काचेत बुडबुडे होते. तोंडावर चिंधी गुंडाळून वरून लाख ओतलेली. आत पाऊण भर पाणी. रिसबुडांनी खड्ड्यात उतरून खोली मोजली, चार फूट दोन इंच. दगडाचं माप घेतलं, फोटो काढले, आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली. पट्टाही लावला.

*

प्रयोगशाळेच्या मागे एक काळोखी खोली होती. खिडकीला काळा कागद, आत एक पोलॅरिस्कोप. म्हणजे एक दिवा आणि त्यापुढे दोन काळी भिंगं; मध्ये बाटली धरली की काचेत कुठे ताण आहे ते रंगांमध्ये दिसतं. कारखान्यातल्या प्रत्येक घाण्यातल्या बाटल्या तिथे तपासल्या जात. रिसबुडांनी ती बाटलीही तिथेच आणली. मदतीला रोहिणी होती. धुळ्याची, तीन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली असलेली केमिस्ट. तिच्या हस्ताक्षराला रिसबूड नावं ठेवत, पण नोंदवही तिच्याचकडे देत. दुसऱ्या कोणाचं अक्षर त्यांना वाचवतच नसे.

"आतलं पाणी?" तिनं विचारलं.

"माल आला की आपण काय करतो?"

"मोजतो, तपासतो, नोंद करतो."

"मग?"

लाख खरवडून काढली. चिंधी हातात येताच तिचा भुगा झाला. पाणी मोजपात्रात ओतताना खोलीभर वास पसरला. नदीतळाच्या चिखलाचा, शेवाळाचा, आणि त्याच्या खाली आणखी कशाचा तरी, ओल्या केसांसारखा. रोहिणीनं ओढणी नाकाला लावली.

"सहाशे बारा मिली," रिसबूड म्हणाले. "लिही."

थोड्या पाण्याची आम्लता, क्षार, जडपणा बघून झाला. साधं नदीचं पाणी. रोहिणी अजून नाकाला ओढणी लावून उभी होती, ते रिसबुडांना खुपलं. जुन्या केमिस्टांची एक सवय असते, पाणी जिभेवर घेऊन बघायची. त्यांनी मोजपात्रात करंगळी बुडवली आणि तिच्यादेखत चाटली.

"मचूळ," ते म्हणाले. "मेलो का मी?"

"सर, तुम्ही पण ना..."

उरलेलं पाणी त्यांनी बेसिनमध्ये ओतून दिलं. अर्धा लिटर पाणी ते. पण नळी बराच वेळ घुटके घेत राहिली. रोहिणीनं दोनदा वळून पाहिलं. रिसबुडांनी पाहिलं नाही, कारण ते बाटलीचं बूड बघत होते. बुडाशी खरखरीत गोल खूण होती. फुंकून झाल्यावर लोखंडी सळईवरून बाटली तोडल्याची खूण. साच्याची शिवण कुठेच नाही. दोनशे वर्षांची तरी असणार, दमणच्या बंदरात उतरलेली. त्यांनी त्याच दुपारी मुंबईला मधुरा दिवेकरांना फोन लावला. एका संग्रहालयाच्या नियतकालिकाच्या त्या संपादक होत्या, आणि रिसबुडांच्या पत्रांना उत्तर देणाऱ्या जगातल्या एकमेव विदुषी.

"सिल्वासातली, जमिनीतून, मोजमापांसकट? रिसबूड, हे कोणी केलेलं नाही," मधुरा म्हणाल्या. "कोरडं वजन, धारणक्षमता, फोटो, आणि बाटली. एकतीस तारखेपर्यंत मला पोचवा. तुमच्या नावानं लेख घेते. पहिला लेख."

रिसबूड फोन ठेवून बराच वेळ हाताची घडी घालून उभे राहिले. पहिला लेख. त्यांच्या नावानं. चष्मा खाली घेऊन हसणारा तो प्राध्यापक ते नियतकालिक घेतो, हे त्यांना ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत फरशी पुसणारी आक्काबाई पोछा दारातच ठेवून आत आली. राखोलीची बाई. आधार कार्डावर वय अठ्ठावन्न, खरं सत्तरच्या घरात.

"साहेब, आमच्याकडच्या खड्ड्यातून तुमी काय आणलं?"

"बाटली आणली. का?"

"ते आमचं हाय. द्या."

रिसबूड हसले. हे होणारच होतं. वस्तूला किंमत आहे असं कळलं की मालक उगवतात. "कागद आहे तुझ्याकडे? बाटली दोनशे वर्षांपूर्वीची आहे, आक्काबाई. पोर्तुगिजांच्या वेळची. तुझी कुठून?"

"बाटली नाय वो. आतलं पाणी."

"पाणी काल ओतलं."

"कुठं?"

त्यांनी हनुवटीनं बेसिन दाखवलं. आक्काबाई बेसिनपाशी गेली. नळीच्या जाळीवर तिनं हात ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवावा तसा.

"सगळा सांडला?"

"सगळा म्हणजे कोण?"

"माजा बा." ती वळली. रडत नव्हती. "पोर्तुगीज गेले त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात नदीत गेला. मी आईच्या पोटात. सात दिवस शोधला, बॉडी नाय गावली. आमच्या घरात मग कसं, की माणूस जिथं बुडला तिथलं पाणी भरून आणायचं. तेच त्याचं अंग. ते पुरायचं, वर दगड ठेवायचा. आईनं पुरला. भिका नाव बाचं."

रोहिणी टेबलापाशी थिजल्यासारखी उभी होती. रिसबुडांना तिच्या चेहऱ्याची चीड आली. बी.एस्सी. झालेली मुलगी!

"नदी वाहती असते ना आक्काबाई?" ते शाळेत विचारावं तसे म्हणाले. "तुझा बाप बुडला ते पाणी दुपारपर्यंत दमणला पोचलं. तुझ्या आईनं भरलं ते दुसरंच. साधा हिशेब आहे."

"असंल."

"मग? पाणीच पाहिजे ना? हे घे." त्यांनी कोपऱ्यातला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन पायानं पुढे सरकवला. "याच्याहून स्वच्छ बाप कुणाला मिळणार नाही."

रोहिणी म्हणाली, "सर..."

आक्काबाईनं कॅनकडे पाहिलंसुद्धा नाही. "किती व्हता?"

"सहाशे बारा मिली," सवयीनं रिसबूड बोलून गेले.

"तो पुरा करून घेल, साहेब. जेवढा सांडला तेवढा."

"कुठून?"

"ज्यानं सांडला त्याच्याकडून," असं म्हणून तिनं पोछा उचलला आणि फरशी पुसायला लागली. रिसबुडांच्या खुर्चीखालची फरशी तिनं तेवढी सोडली.

*

कोरडं वजन घ्यायचं म्हणजे तीन वेळा घ्यायचं आणि सरासरी काढायची. एखादा आकडा फारच वेगळा आला तर तो माणसाची चूक समजून टाकून द्यायचा. गुणवत्ता विभागात तीस वर्षं हेच चालतं. बुधवारी सकाळी रिसबुडांना तीनही आकडे आदल्या संध्याकाळपेक्षा नऊ ग्रॅमनी जास्त मिळाले. त्यांनी बाटली उलटी केली. तळहातावर दोन चमचे पाणी आलं.

"दमट हवा," ते म्हणाले, आणि आकडे खोडले.

बाटली मंद आचेच्या भट्टीत दोन तास सुकवली. गुरुवारी तेवीस ग्रॅम. पुन्हा सुकवली. शुक्रवारी एकतीस.

"आक्काबाई ओतते," रिसबूड म्हणाले. "भुताटकी दाखवायची आहे तिला."

"ती पाच वाजता जाते सर. कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते."

"मग तू ओततेस."

रोहिणीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नोंदवहीत पेन खुपसून ती बंद केली. त्या दिवशी ती डबा खायला दुसऱ्या विभागात गेली.

शनिवारी त्यांनी बाटली पुन्हा सुकवली, तोंडाला घट्ट बूच मारलं आणि ती डेसिकेटरमध्ये ठेवली. काचेचं जाड झाकणाचं ते हवाबंद भांडं. तळाशी निळे खडे. जराशी ओल लागली तरी खडे गुलाबी होतात. झाकणावर त्यांनी स्वतःच्या सहीची पट्टी चिकटवली. रविवारी कारखाना बंद होता.

सोमवारी सकाळी सही जशीच्या तशी होती. खडे निळेशार होते. आणि बाटलीत चौथा हिस्सा पाणी होतं, स्वच्छ, हललं की काचेवर रेंगाळणारं.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. रिसबुडांना राग आला. आपल्याला कोणीतरी मूर्ख बनवतंय एवढंच त्यांना वाटलं, आणि जगात त्यांना तेवढंच सहन होत नसे. त्यांनी काचेवर पेन्सिलीनं पातळीची रेघ मारली. "वाढतंय ना? वाढू दे. आकडा तरी कळेल." रोज सकाळी रेघ वर सरकत गेली. लेखाला मात्र कोरडं वजन पाहिजे होतं, आणि एकतीस तारखेला पाच दिवस उरले होते.

याच दिवसांत छायाबाई, त्यांची बायको, घरी एकदा म्हणाल्या, "अहो, तुमचे शर्ट मी आठवडाभर नुसते पाण्यातून काढतेय. कॉलर काळी नाही, काखेत डाग नाही. कारखान्यात जाता की फ्रिजमध्ये जाऊन बसता?"

"उकाडा सोसायची सवय असते एकेकाला."

"आणि हे तिसरं तांब्याभर पाणी? संध्याकाळपासून?"

"मोजू नकोस. मोजायचं काम माझं आहे."

त्यांना तहान लागत होती हे खरं. पाणी घशाखाली उतरायचं आणि कुठे जायचं कळायचं नाही. घाम नव्हता. बाथरूमलाही दिवसातून एकदा, तेही चार थेंब. बुधवारी आरशासमोर त्यांनी हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, कागदाला घडी घातल्यासारखी. सिल्वासातले डॉक्टर काय सांगतील ते त्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून ते गेले नाहीत.

रोहिणीनं न सांगता त्या पाण्याचे थेंब काढून तपासले होते. गुरुवारी दुपारी तिनं कागद टेबलावर ठेवला.

"सर, हे नदीचं नाही. यात मीठ आहे. आणि युरिया." ती जरा थांबली. "घामात असतात तसे."

"तुझं अक्षर सुधार आधी," रिसबूड म्हणाले. त्यांचे ओठ बोलताना एकमेकांना चिकटत होते.

"सर, आक्काबाईला देऊन टाका ना ते. काय जातंय?"

"अडाणी बाईपुढे वाकायचं? मी?"

त्यांनी डेसिकेटर उघडला, बाटली घेतली आणि काळोख्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर अडीच वाजताचं ऊन होतं, आत गुहेसारखा अंधार. त्यांनी पोलॅरिस्कोपचा दिवा लावला आणि बूच मारलेली बाटली भिंगांच्या मध्ये ठेवली. जुन्या काचेतले ताण रंगांनी उजळले. निळे, तांबडे, पिवळे पट्टे, पाण्यात तेल पसरल्यासारखे. पाणी खांद्यापर्यंत आलं होतं. वर मान कोरडी होती.

खुर्चीवर बसून रिसबुडांनी सुस्कारा सोडला.

बाटलीच्या मानेत, आतून, वाफ धरली.

ते पुढे झुकले. वाफ हळूहळू विरली. ते बाटलीपासून दोन हात लांब होते, आणि बूच घट्ट होतं. त्यांनी श्वास आत घेऊन रोखला. काच स्वच्छ राहिली. सोडला. काच धुरकटली, हिवाळ्यात आरशावर तोंड नेल्यासारखी. बुचाखाली थेंब जमला, ओघळला, खालच्या पाण्यात पडला. टप्प... तो आवाज त्यांना कानांनी ऐकू आला की छातीत, ते नक्की सांगता आलं नसतं.

तीन वेळा घ्यायचं. सरासरी काढायची. त्यांनी घड्याळ समोर ठेवलं. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदाही तसंच.

चौथ्यांदा त्यांनी श्वास रोखून धरला, आणि काच धुरकटली.

ते बघत राहिले. छाती भरलेली होती, तोंड मिटलेलं होतं. बाटलीच्या मानेत वाफ आली... गेली. आली... गेली. शांत, झोपलेल्या माणसाच्या लयीत. चिखलाचा वास आला, ओल्या केसांचा वास आला. रिसबुडांची छाती फुटायला आली तेव्हा त्यांना श्वास सोडावाच लागला. आणि सोडताना त्यांच्या लक्षात आलं, की तो त्यांनी स्वतःच्या सोयीनं सोडला नव्हता. बाटलीची वाफ यायची वाट बघून, तिच्याबरोबर सोडला होता. आता पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही.

दार उघडून ते बाहेर आले तेव्हा रोहिणी उभी होती.

"बोलाव तिला," रिसबूड म्हणाले.

*

आक्काबाई आली ती कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची बाटली घेऊन. धुवून आणलेली, वर लाल झाकण. रिसबूड त्या बाटलीकडे बघतच राहिले.

"यात?"

"यात काय वाईट? तेव्हा आईला तुमची ती गावली, आता मला ही गावली. बाटली कुठलीपण चालते."

आपण अकरा दिवस जिच्यासाठी भांडलो ती वस्तू समोरच्या बाईला नकोच होती, हे रिसबुडांना तेव्हा कळलं. कळल्यावर त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटला तो तिरस्कार. दोनशे वर्षांची हातानं फुंकलेली काच आणि कोल्ड्रिंकची बाटली या बाईला सारखीच. अशा लोकांना इतिहास काय कळणार? पण त्यांचं काम सोपं झालं होतं. पाणी तिचं, बाटली त्यांची.

तिला देण्याआधी त्यांनी पाणी मोजलं. मोजल्याशिवाय ते काही देत नसत. मोजपात्रात पातळी स्थिरावली. रोहिणीनं वाकून वाचलं आणि आकडा मोठ्यानं म्हणाली नाही. नुसता लिहिला. ६१२.

"घे. तुझे तीर्थरूप," रिसबूड म्हणाले.

"उद्या जेवायच्या सुट्टीत पुरायचा. तुमी यायचं."

"मी कशाला?"

"ज्यानं काढला त्यानं हजर राह्यला लागतं."

शुक्रवारी भर दुपारी ते गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण पाय निघाले. शिवाय मूळ जागेचा एक फोटो लेखासाठी हवाच होता. नदीकाठी उन्हानं दगड पांढरे पडले होते. आक्काबाईनं गोदामाच्या हद्दीपलीकडे करंजाखाली खड्डा करवून घेतला होता. दोन म्हाताऱ्या बाया आणि तिचा भाऊबंद एक म्हातारा, एवढेच. रिसबूड पाच-सहा पावलं मागे, रुमाल डोक्यावर घेऊन उभे होते. लाल झाकणाची बाटली खड्ड्यात उतरली. माती पडली. वर दगड आला. म्हाताऱ्यानं मोहाच्या दारूचे चार थेंब दगडावर सोडले.

"आता काय?" रिसबुडांनी विचारलं. त्यांना घाई होती.

"हाक मारायची. तीनदा," आक्काबाई म्हणाली. "जबाब नाय आला म्हंजे तो जमिनीत गेला. सुटला."

"आणि आला तर?"

"मेलेलं माणूस कुठं जबाब देतं, साहेब?"

ती दगडापाशी वाकली. "भिका!"

करंजाचं पान हललं नाही. नदीकडून पाण्याचा आवाजही नव्हता.

"भिका!"

म्हाताऱ्यानं मान डोलावली.

"भिका, रे!"

"ओ," कोणीतरी म्हणालं.

सगळे वळले. रिसबूडही वळले, मागे कोण आहे ते बघायला. मागे कोणी नव्हतं. मोकळं रान आणि ऊन. मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांचं स्वतःचं तोंड अजून उघडं आहे, आणि घशात त्या आवाजाची थरथर उरली आहे. त्यांच्या तोंडून असा सूर आयुष्यात निघाला नव्हता. शेताच्या दुसऱ्या बांधावरून देतात तसा, लांबवलेला, मोकळा.

"चुकून..." ते म्हणाले. "चुकून बोललो."

आक्काबाई त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं हळूच पदर डोक्यावर ओढून घेतला, जसा वडीलधाऱ्यासमोर घेतात, आणि बायांना घेऊन घाईघाईनं निघून गेली. म्हातारा दारूची बाटली तिथेच विसरला.

गाडीत बसल्यावर रिसबुडांना दरदरून घाम फुटला. शर्ट, सीट, सगळं भिजलं. त्यांना इतकं बरं वाटलं की ते हसले.

*

शनिवारी लेखासकट बाटली कुरियरनं मुंबईला गेली. शेवटी कोरडं वजन तीनही वेळा एकच आलं होतं. सोमवारी आक्काबाई कामावर आली नाही, त्यानंतरही कधी आली नाही.

छायाबाई खूश होत्या. नवरा बदलला होता. पोळीला नावं ठेवत नव्हता. टीव्हीवरच्या माणसांना मूर्ख म्हणत नव्हता. कारखान्यातून आला की चपला दाराबाहेर काढायचा आणि सांगेपर्यंत सोफ्यावर बसायचा नाही. गॅलरीच्या कठड्याला टेकून खाली उकिडवा बसायचा आणि पश्चिमेला, नदीच्या अंगाला बघत राहायचा. वहीला हात लावला नव्हता. "वयानुसार शहाणपण येतं," त्या बहिणीला फोनवर म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता टेबलावरचा मोबाईल वाजला. बराच वेळ वाजला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला.

"नमस्कार, मधुरा दिवेकर बोलतेय. अंक छापून आला! हेमंत रिसबूड आहेत ना?"

तो लक्षपूर्वक ऐकत होता.

"हॅलो? हेमंत रिसबूड? त्यांचा पहिला लेख आहे, पहिल्याच पानावर नाव आहे. त्यांना द्या ना जरा."

"थांबा," तो म्हणाला. "बघतो."

मोबाईल त्यानं जपून टेबलावर ठेवला. तो आतल्या खोलीच्या दाराशी गेला आणि उंबऱ्याच्या अलीकडून आत डोकावला. पलंग रिकामा होता. न्हाणीघराचं दार ढकलून पाहिलं. गॅलरीत पाहिलं. परत येऊन फोनवर वाकला आणि म्हणाला, "घरात नाहीत."

छायाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. "कोणाचा फोन?"

"हेमंत रिसबुडांचा होता."

त्या हसायला लागल्या. इतक्या वर्षांत नवऱ्यानं पहिल्यांदाच थट्टा केली होती. त्यांचं हसू संपेपर्यंत तो भिंतीशी अंग चोरून, हात जोडून, उभा राहिला.

मग अदबीनं म्हणाला, "बाई, साहेब कधी येतील?"